घर्षण आणि थांबवणारं बल : गणितं सोडवताना हमखास पडणारे प्रश्न

नववी ते बारावीची मुलं, सीईटीची तयारी करणारे आणि मुलांचा अभ्यास घ्यायला बसून स्वतःच अडकणारे पालक, या सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. उदाहरणं पुण्यातलीच घेतली आहेत, कारण दुचाकी, उतार आणि पावसाळा या तिन्ही गोष्टी इथे मुबलक आहेत. आकडे गणितासाठी धरलेले आहेत, पण शक्यतो खऱ्याच्या जवळचे.

गणित वाचलं की सुरुवात कशाने करायची?

आकृतीने. सूत्राने नाही. वस्तूच्या जागी एक चौकोन काढा आणि तिच्यावर कोण कोण बल लावतंय तेवढंच दाखवा. पृथ्वी खाली ओढते, जमीन वर रेटते, कोणी ढकलत असेल तर तो, दोरी असेल तर तिचा ताण. वस्तू स्वतः दुसऱ्यावर जे बल लावते ते या आकृतीत घुसडायचं नाही.

घर्षणाचा बाण सगळ्यात शेवटी काढायचा. बाकीची बलं आपापली ठरलेली असतात, घर्षण त्यांच्याकडे बघून ठरतं. म्हणून आधी विचारा : घर्षण अजिबात नसतं तर ही वस्तू ज्या पृष्ठभागावर आहे त्यावरून कुठे घसरली असती? उत्तर मिळालं की घर्षणाचा बाण त्याच्या उलट. हा एक प्रश्न विचारायचा कंटाळा केला की पुढचं सगळं गणित बिघडतं, मग आकडेमोड कितीही स्वच्छ असो.

घर्षण बल म्हणजे म्यू गुणिले एन. सूत्र पाठ आहे, मग चुकतं कुठे?

सूत्र बरोबर आहे, पण ते कशाचं आहे हे पाठ केलेलं नसतं. म्यू म्हणजे घर्षण गुणांक आणि एन म्हणजे अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात जेवढं रेटतो ते बल. वस्तू स्थिर असताना या दोघांचा गुणाकार म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादा. प्रत्यक्षातलं घर्षण तेवढंच असेल असं नाही. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू घसरत नसतानाचं, पुणेरी उत्तरासारखं आहे : जेवढं विचारलं तेवढंच, वर एक अक्षर नाही.

वाड्यातल्या शहाबादी फरशीवर ८० किलोचं लोखंडी कपाट आहे असं धरू. स्थितिक घर्षण गुणांक ०.५, गतिक (म्हणजे घसरत असतानाचा) ०.४. अभिलंब बल ८० × ९.८ = ७८४ न्यूटन. स्थितिक घर्षणाची मर्यादा ३९२ न्यूटन.

आता तुम्ही १५० न्यूटन बलाने कपाट ढकललं. घर्षण किती? वर्गात निम्मे हात ‘३९२’ म्हणून वर येतात. ते खरं मानलं तर तुम्ही पुढे १५० ने ढकलताय, घर्षण मागे ३९२ ने ढकलतंय आणि उरलेल्या २४२ न्यूटनने कपाट तुमच्याच अंगावर चालून यायला हवं! तसं होत नाही. घर्षण १५० न्यूटनच लागतं आणि कपाट जागचं हलत नाही. ३०० ने ढकललं तर ३००. ३९२ पर्यंत हे असंच चालतं.

४०० न्यूटन लावले की मर्यादा ओलांडली. कपाट सुटलं. सुटल्यावर गतिक घर्षण लागू : ०.४ × ७८४ = ३१३.६ न्यूटन. उरलेलं बल ८६.४ न्यूटन, त्वरण ८६.४ ÷ ८० = १.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग. जड सामान एकदा हललं की पुढे सोपं जातं याचा प्रत्यय घर बदलताना सगळ्यांना येतो, तो हा ३९२ आणि ३१३.६ मधला फरक.

म्हणजे गणिताची पहिली पायरी तपासणीची : लावलेलं बल मर्यादेच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर घर्षण लावलेल्या बलाइतकं, बाहेर असेल तर गतिक गुणांकाने काढलेलं.

एनच्या जागी सरळ एमजी लिहिलं तर चालतं का?

एमजी म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण, थोडक्यात वजन. सपाट जमीन आणि आडवं बल असेल तरच चालतं. बाण जरा तिरका झाला की एन बदलतो, आणि गणित रचणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचं ५० किलोचं पोतं घसरत न्यायचंय. वजन ४९० न्यूटन. घर्षण गुणांक ०.३ धरू (इथे स्थितिक-गतिक असा भेद करत नाही, मुद्दा वेगळा आहे). एकाने पोत्याला दोरी बांधून जमिनीशी ३० अंश वरच्या दिशेने २०० न्यूटन बलाने ओढलं. दुसऱ्याने मागून तेवढ्याच कोनात खालच्या दिशेने, तेवढ्याच बलाने ढकललं.

दोघांचाही आडवा घटक सारखा, २०० × कोस ३० = १७३ न्यूटन. उभा घटकही सारखा, १०० न्यूटन, पण एकाचा वर आणि एकाचा खाली. ओढणाऱ्याने पोतं थोडं उचललं, म्हणून जमिनीला ४९० − १०० = ३९० न्यूटनच रेटावं लागतं. घर्षणाची मर्यादा ११७. पोतं १.१२ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघालं. ढकलणाऱ्याने पोतं जमिनीत दाबलं : एन ५९०, घर्षणाची मर्यादा १७७. त्याचा आडवा घटक १७३. पोतं ढिम्म.

माणूस तेवढाच, ताकद तेवढीच, कोनही तेवढाच. सगळा फरक एनमधला. हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवा, ‘एन बरोबर एमजी’ ही सवय सुटते.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेला असतं ना?

नाही. ते दोन पृष्ठभागांमधल्या घसरण्याच्या विरुद्ध असतं. चालताना तुमचा पाय जमिनीला मागे रेटतो आणि घर्षण तुम्हाला पुढे ढकलतं. स्कूटरच्या मागच्या चाकावर, इंजिन जोर लावत असताना, घर्षण पुढच्याच दिशेला असतं. ते नसेल तर चाक जागच्या जागी फिरतं, चिखलात फसलेल्या गाडीचं होतं तसं.

परीक्षेत येणारा प्रकार असा : पीएमपीच्या बसच्या सपाट फरशीवर १० किलोचा धान्याचा डबा आहे, घर्षण गुणांक ०.३. बस १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने सुटली. डब्याला बसबरोबर न्यायचं तर १० × १.५ = १५ न्यूटन बल लागेल. ते देणारं घर्षणाशिवाय दुसरं कोणीच नाही. मर्यादा २९.४ न्यूटन, तेव्हा जमेल. डबा बसबरोबर जातो आणि त्याच्यावरचं घर्षण पुढच्या दिशेला १५ न्यूटन. २९.४ नाही, हे पुन्हा लक्षात घ्या.

आता हीच बस ताशी ३६ किमी म्हणजे १० मीटर प्रति सेकंद वेगात आहे आणि चालकाने ४ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनाने (वेग कमी होण्याच्या दराने) करकचून ब्रेक मारला. डब्यासाठी ४० न्यूटन लागतील, घर्षण देऊ शकतं २९.४. डबा घसरणार. बस १०० ÷ ८ = १२.५ मीटरमध्ये थांबते. डब्याचं मंदन २.९४, त्याला १०० ÷ ५.८८ = १७ मीटर लागतात. म्हणजे डबा बसच्या फरशीवरून साडेचार मीटर पुढे जायला बघणार. मध्ये कोणाचे पाय असतील ते त्यांचं नशीब.

ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद?

५ ने गुणून १८ ने भागा. ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०. हे तीन तोंडपाठ हवेत, कारण पेपर काढणाऱ्यांनाही हेच आवडतात.

गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०?

प्रश्नात दिलं असेल ते. दिलं नसेल तर ९.८. पर्याय निवडायच्या परीक्षेत पर्यायांकडे बघून १० घेतलं तरी निभतं.

गाडी जड असेल तर थांबायला जास्त अंतर लागतं का? एका गणितात वस्तुमान कटतं, दुसऱ्यात कटत नाही, असं का?

दोन वेगळ्या प्रकारची गणितं आहेत म्हणून. फरक दिलेल्या माहितीत असतो.

पहिल्या प्रकारात घर्षण गुणांक दिलेला असतो. मग थांबवणारं बल म्यू × एम × जी, मंदन म्यू × जी आणि वस्तुमान कटून जातं. थांबण्याचं अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × म्यू × जी). यात गाडी जड की हलकी याचा संबंध नाही, कारण गाडी जितकी जड तितकी ती रस्त्याला जास्त दाबते आणि तितकंच घर्षणही जास्त मिळतं.

दुसऱ्या प्रकारात थांबवणारं बलच न्यूटनमध्ये दिलेलं असतं. समजा ते ६००० न्यूटन आहे. १२०० किलोची गाडी १५ मीटर प्रति सेकंद वेगात असेल तर मंदन ५ आणि अंतर २२.५ मीटर. तीच गाडी माणसं-सामान भरून १५०० किलोची झाली तर मंदन ४ आणि अंतर २८.१ मीटर. इथे बल ठरलेलं आहे, ते वजनाबरोबर वाढत नाही.

रस्त्यावरचं सत्य या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. ब्रेक सशक्त असेल तर टायर आणि रस्त्याचं घर्षण ही मर्यादा, ब्रेक अशक्त किंवा तापलेला असेल तर ब्रेकचं बल ही मर्यादा. जी आधी येईल ती खरी.

वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट. हे सूत्रात दिसतं, पण पटत नाही.

आकडे ठेवून बघू. कोरडा डांबरी रस्ता, टायर बरे, गुणांक ०.७. ताशी ३० ला ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटर, ताशी ६० ला सुमारे २० मीटर. पावसात गुणांक ०.४ वर आला तर ताशी ६० ला ३५ मीटर. जूनमधल्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि पाणी यांचा जो चिकट लेप होतो त्यावर याहूनही वाईट.

कारण ऊर्जेत आहे. थांबवणाऱ्या बलाने केलेलं कार्य म्हणजे बल × अंतर, आणि ते गाडीच्या गतिज ऊर्जेइतकं व्हायला हवं. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग आहे, बल तेच आहे, तेव्हा वर्गाचा सगळा भार अंतरावर येतो.

यात अजून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. समोर काही दिसल्यापासून हात लिव्हरवर आवळेपर्यंत एक सेकंद धरला तर ताशी ६० ला त्या सेकंदात गाडी १६.७ मीटर पुढे गेलेली असते, अजून वेग तसूभरही कमी न होता. एकूण कोरड्यात ३७ मीटर, पावसात ५२.

अकरावीच्या मुलांना देण्याजोगं एक गणित. दोन स्कूटर शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ताशी ४०, एक ताशी ६०. समोर अचानक रिक्षा आडवी आली. दोघांनाही एक सेकंद लागला, दोघांचा गुणांक ०.७. चाळीसवाली ११.१ + ९ = २०.१ मीटरवर, रिक्षाला जेमतेम न लागता थांबली. साठवाली त्या जागी असताना तिचा वेग किती? तिचे १६.७ मीटर विचारातच गेले, ब्रेकला मिळाले ३.४ मीटर. वेगाचा वर्ग २७७.८ − (२ × ०.७ × ९.८ × ३.४४) = २३०.६. वर्गमूळ १५.२, म्हणजे ताशी जवळजवळ ५५. पहिली जिथे थांबते तिथे दुसरी ५५ ने आदळते. वीसचा फरक होता, त्याचा पंचावन्न झाला. हे उत्तर बघून मुलं पुन्हा पुन्हा आकडेमोड तपासतात. तपासा.

पुढचा ब्रेक मारू नकोस, पडशील, असं घरी सांगतात. भौतिकशास्त्र काय म्हणतं?

उलटं म्हणतं. एकूण १८० किलो, म्हणजे स्कूटर आणि चालक मिळून, वजन १७६४ न्यूटन. स्थिर असताना दोन्ही चाकांवर अर्धं-अर्धं, ८८२ न्यूटन, असं धरू. गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंचीवर, दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर.

ब्रेक लागला की गाडी नाकावर झुकते आणि भार मागून पुढे सरकतो. किती? एकूण थांबवणारं बल × उंची ÷ चाकांमधलं अंतर. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनाला बल ९०० न्यूटन, तेव्हा सरकलेला भार ९०० × ०.६ ÷ १.३ = ४१५ न्यूटन. पुढच्या चाकावर आता १२९७, मागच्यावर ४६७. गुणांक ०.७ धरला तर मागचं चाक जास्तीत जास्त ३२७ न्यूटन देऊ शकतं. लागतात ९००. उरलेले कुठून येणार? पुढूनच.

फक्त मागचा ब्रेक मारला तर काय होतं तेही काढता येतं. बल एफ मानलं तर एफ = ०.७ × (८८२ − ०.४६२ × एफ). सोडवल्यावर सुमारे ४६७ न्यूटन, मंदन २.६. ताशी ४० वरून थांबायला जवळपास २४ मीटर, दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ९. ‘पडशील’ ही भीती अगदीच खोटी नाही : वळणावर, वाळूवर, किंवा ओल्या रस्त्यावर पुढचं चाक एकदम आवळलं तर ते घसरतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. पण त्याचा इलाज दोन्ही ब्रेक, हळूहळू वाढत्या जोराने, हा आहे.

एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, नेमकं काय करतं?

फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर रस्त्याच्या मानाने स्थिर असतो, म्हणून तिथे स्थितिक घर्षण मिळतं. चाक जाम झालं की टायर घासत जातो आणि गतिक घर्षणावर भागवावं लागतं, जे कमी असतं. शिवाय जाम चाकाला दिशा देता येत नाही, हँडल वळवून उपयोग नसतो. एबीएस चाक जाम होतंय असं दिसताच ब्रेक क्षणभर सैल करतं आणि पुन्हा आवळतं, सेकंदाला अनेकदा. भारतात १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना हे बंधनकारक झालं : नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून, सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून. गणितात ‘चाकं न घसरता’ असे शब्द दिसले की स्थितिक गुणांक वापरा, ‘चाकं जाम होऊन’ असेल तर गतिक.

उतारावरचं गणित कसं मांडायचं? नवले पुलाचा उतार सगळे सांगतात, पण त्यात भौतिकशास्त्र काय?

मांडणी सोपी आहे. अक्ष उताराला समांतर आणि काटकोनात घ्या, आडवे-उभे नकोत. उताराचा जमिनीशी कोन थीटा धरला तर वजनाचा उताराच्या दिशेचा घटक एमजी साइन थीटा, काटकोनातला एमजी कोस थीटा. एन म्हणजे दुसरा. खाली उतरताना थांबायचं असेल तर मंदन = जी × (म्यू कोस थीटा − साइन थीटा). चढावर वजाच्या जागी अधिक.

आता नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार. नोव्हेंबर २०२२ मधला साखळी अपघात पुणेकरांच्या लक्षात आहे, आणि त्याआधी-नंतरचेही. उतार ४ टक्के धरू, म्हणजे १०० मीटरला ४ मीटर खाली. साइन ०.०४, कोस जवळजवळ १.

वरच्या सूत्रात टाकलं तर ताशी ६० वरून थांबण्याचं अंतर २०.२ मीटरचं २१.५ होतं. बस, सव्वा मीटर! मग एवढे अपघात उतारामुळे कसे?

कारण अडचण थांबण्याच्या अंतरात नाही, उष्णतेत आहे. २५ टनांचा ट्रक घ्या. त्याला उतारावरून खाली ओढणारं बल २५००० × ९.८ × ०.०४ = ९८०० न्यूटन. वेग वाढू द्यायचा नसेल तर कोणीतरी तेवढंच बल सतत मागे लावायला हवं. चाकांचा लोळण घर्षण-रोध आणि हवा थोडं उचलतात. गिअर खालचा असेल तर इंजिन बराच वाटा उचलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकली की इंजिनचा वाटा शून्य, सगळं ब्रेकवर.

३ किलोमीटर उतार म्हणजे १२० मीटर खाली. सुटलेली स्थितिज ऊर्जा २५००० × ९.८ × १२० = २ कोटी ९४ लाख जूल. तुलनेला, ताशी ६० वेगातल्या त्याच ट्रकची गतिज ऊर्जा सुमारे ३५ लाख जूल. म्हणजे वेग न वाढवता नुसतं खाली येणं हे ताशी ६० वरून आठ-साडेआठ वेळा पूर्ण थांबण्याइतकं आहे, तेही मध्ये ब्रेक थंड व्हायला फुरसत न देता. एवढ्या ऊर्जेत ९० लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ब्रेकचं अस्तर अति तापलं की त्याचा घर्षण गुणांक घसरतो, आणि चालक पाय देऊन उभा राहिला तरी बल मिळत नाही. गाडी पुलाजवळच्या गर्दीत पोचते तेव्हा सूत्रातला ०.७ कागदावरच राहिलेला असतो. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत बातमी संपते, पण बहुतेक वेळा ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो.

रेल्वे आणि मेट्रो पोलादावर पोलाद चालवतात. घर्षण कमी असताना त्या थांबतात कशा?

लांबून. पुणे मेट्रोचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले, गाडी ताशी ८० पर्यंत जाते. मंदन १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर थांबायला २२ सेकंद आणि सुमारे २४७ मीटर. उभ्या प्रवाशांचा विचार करता याहून कडक ब्रेक नकोच. बराचसा ब्रेक विजेच्या मोटरी उलट्या वापरून, वीज परत तारेत देऊन लागतो.

चढावर मात्र हेच कमी घर्षण नडतं. कर्जत ते लोणावळा घाटात लोहमार्ग ३७ मीटरला १ मीटर चढतो. १००० टनांची गाडी आणि १२० टनांचं इंजिन धरा : नुसतं वर ओढून धरायला ११२०००० × ९.८ ÷ ३७, म्हणजे जवळपास २ लाख ९७ हजार न्यूटन. रूळ-चाक गुणांक ०.२५ धरला तर इंजिन घसरण्याआधी देऊ शकतं १२०००० × ९.८ × ०.२५ = २ लाख ९४ हजार. थोडक्यात हुकलं. इंजिनाची ताकद वाढवून उपयोग नाही, चाकं जागीच फिरतील. म्हणून कर्जतला मागून रेटणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात.

रुंद टायरला घर्षण जास्त मिळतं का? पुस्तकात तर क्षेत्रफळाचा संबंध नाही म्हटलंय.

पुस्तकातला नियम फ्रान्समधल्या आमोंतोंने १६९९ मध्ये मांडला, लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत तो त्याच्याही दोनशे वर्षं आधी सापडतो, आणि कुलोंने १७८५ मध्ये भरपूर प्रयोगांनिशी पक्का केला. कारण असं की दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते बारीक उंचवट्यांवर, आणि तो खरा स्पर्श दाबणाऱ्या बलावर अवलंबून असतो, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नाही. रबर मऊ असल्यामुळे हा नियम तंतोतंत पाळत नाही, म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद. परीक्षेत मात्र ‘क्षेत्रफळावर अवलंबून नाही’ हेच लिहा.

घर्षण गुणांकाची किंमत कुठून येते? आणि घरी मोजता येते का?

ती मोजूनच येते, कुठल्याही सूत्राने निघत नाही. वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) आहे, तिथे वाहनांच्या ब्रेकच्या चाचण्या होतात. अपघातस्थळी टायरच्या घासल्याच्या खुणा मोजतात त्यामागेही हेच गणित उलटं असतं. ताशी ४० वरून चाकं जाम होऊन गाडी १२ मीटरमध्ये थांबली तर गुणांक = १२३.५ ÷ (२ × ९.८ × १२) = ०.५३.

घरी जेवायचा लाकडी पाट घ्या. त्याचे पाय काढता येत नसतील तर साधी फळी. वर खोडरबर ठेवा आणि एक टोक अगदी हळू उचलत जा. रबर सुटलं त्या क्षणी थांबून उंची मोजा. त्या क्षणी म्यू = टॅन थीटा, कारण एमजी साइन थीटा नेमकं म्यू एमजी कोस थीटाइतकं झालेलं असतं आणि एमजी कटतं.

फळी ५० सेंटीमीटर लांब आणि उंची २० आली समजा. इथे बहुतेकजण २० ÷ ५० = ०.४ लिहून मोकळे होतात. ते साइन झालं. टॅनसाठी जमिनीवरचा पाया हवा : २५०० − ४०० चं वर्गमूळ, ४५.८. म्यू = २० ÷ ४५.८ = ०.४४. रबराच्या दोन-तीन बाजूंनी करून बघा. नंतर फळीवर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरून पुन्हा करा, आणि उंची निम्म्यावर आली तर पावडर पुसून पुन्हा तपासा की आधीचा आकडा परत येतो का. बहुतेक वेळा पूर्ण येत नाही, लाकडाच्या रेषांत पावडर राहते.

थांबवणारं बल काढताना ऊर्जेची पद्धत वापरू की संवेगाची?

अंतर दिलं असेल तर ऊर्जा, वेळ दिला असेल तर संवेग. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ९० किमीने, म्हणजे २५ मीटर प्रति सेकंदाने हातात आला. संवेग ०.१६ × २५ = ४ एकक. हात ताठ ठेवून ०.०५ सेकंदात थांबवला तर सरासरी बल ८० न्यूटन, हात मागे घेत ०.२ सेकंदात थांबवला तर २० न्यूटन. दोन्ही पद्धतींनी उत्तर येत असेल तर दोन्हींनी करा आणि जुळवून बघा, परीक्षेच्या हॉलमध्ये यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

उत्तर बरोबर येऊनही मार्क का जातात?

बहुतेक दिशा न लिहिल्याने किंवा एकक विसरल्याने. मंदन ‘−५’ लिहिलं असेल तर बलही ऋण यायला हवं. एका ओळीत वजा आणि पुढच्या ओळीत तो गायब, हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची सारणी मिळते, तेव्हा वर्गमूळ आणि भागाकार तिच्यावर करायचा सराव दिवाळीच्या आधीच सुरू करा.